ओटा, चूल आणि आराखडा : बदलत्या गृहरचनेतील स्वयंपाकघराच्या स्थानाची समीक्षा (लिंबागणेश परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

गेल्या दोन-तीन दशकांत मराठीत घरबांधणी व गृहसजावट यांविषयी जे लेखन झाले, त्यात स्वयंपाकघराविषयी एक विधान वारंवार आढळते. पूर्वी घराच्या मागल्या अंधाऱ्या भागात असलेले स्वयंपाकघर आता पुढे आले, दिवाणखान्याला येऊन मिळाले आणि घराचे केंद्र बनले, असे ते विधान होय. घराची रचना कितीही बदलली तरी स्वयंपाकघराचे महत्त्व अबाधित राहिले, असा निष्कर्षही त्यापुढे जोडला जातो. या विधानात तथ्य नाही असे नाही. परंतु ते नळाचे पाणी, वेळेवर येणारा सिलिंडर आणि दोन-तीन खोल्यांची सदनिका गृहीत धरून केलेले असते.

बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील, भालचंद्र गणेशाच्या मंदिरामुळे परिचित असलेल्या लिंबागणेशसारख्या (ता. जि. बीड) गावात हेच विधान तपासून पाहिले, तर निराळे चित्र दिसते. या परिसरात नव्याने बांधलेल्या स्लॅबच्या घरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा असतो, स्टीलचे बेसिन असते, भिंतीवर भांड्यांची मांडणी असते आणि ओट्यावर गॅसची शेगडी असते. पाहुण्याला हे स्वयंपाकघर कौतुकाने दाखवले जाते. त्याच घराच्या मागे चार पत्रे टाकून केलेला आडोसा असतो. तेथे मातीची चूल असते आणि भाकरी, आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबवण व सणासुदीचा मोठा स्वयंपाक तेथेच होतो. एकाच घरात दोन स्वयंपाकघरे नांदतात. त्यांपैकी आराखड्यात एकच असते.

हे दुसरे, आराखड्याबाहेरचे स्वयंपाकघर का टिकले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. 'जुनी सवय' किंवा 'गरिबी' ही त्याची प्रचलित उत्तरे अपुरी आहेत. आधुनिक गृहरचनेने स्वयंपाकघर ही एक खोली मानली. प्रत्यक्षात ती पाणी, जळण, धान्य, आच आणि माणूस यांना जोडणारी कामांची साखळी आहे. साखळीचा जो भाग आराखड्यात मावला नाही, तो बाहेर पडला आणि त्याने स्वतःची जागा स्वतः उभी केली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हा लेख सांख्यिकी सर्वेक्षण नव्हे. परिसरातील घरांचे निरीक्षण, सार्वजनिक नोंदी आणि भाषेतील पुरावे यांच्या आधारे केलेली ही आराखड्याची समीक्षा आहे.

१. भाषेतील पुरावा : उंबरा आणि चूल

ग्रामीण मराठीत घरे मोजण्याची दोन मापे आहेत. गाव किती मोठे हे सांगताना 'दीडशे उंबऱ्यांचे गाव' असे म्हटले जाते; कुटुंब किती हे सांगताना मात्र चुली मोजल्या जातात. उंबरा हे वास्तूचे माप आहे, तर चूल हे नात्याचे. दोन भाऊ एका उंबऱ्याआत राहत असले आणि त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या असल्या, तर गावाच्या लेखी ती दोन घरे होतात. समारंभाला सगळ्या कुटुंबाला बोलवायचे तर 'चूलबंद आवतण' दिले जाते. घरात मृत्यू झाला की चूल पेटत नाही आणि भाऊबंदांकडून भाकरी येते. सुख, दुःख आणि वाटणी या तिन्ही प्रसंगी भाषा घराची खूण म्हणून चुलीकडेच बोट दाखवते.

भारतीय जनगणनेची व्याख्याही याच दिशेने जाते. सामान्यतः एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरातून जेवणाऱ्या व्यक्तींचा गट म्हणजे कुटुंब, असे जनगणना मानते. शासनाच्या मोजणीतही कुटुंबाची सीमा भिंतीने नव्हे, तर स्वयंपाकाने ठरते.

गृहरचनेच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा क्रम लक्षात घ्यावा लागतो. वडिलोपार्जित घराची वाटणी होते तेव्हा आधी चूल वेगळी होते आणि भिंत नंतर उभी राहते. माजघराच्या कोपऱ्यात किंवा सोप्यात दुसरी चूल मांडली जाते. काही महिन्यांनी मध्ये कुड येतो, मग पक्की भिंत, मग दुसरे दार. जुन्या घरांच्या आजच्या वेड्यावाकड्या नकाशांत दिसणाऱ्या अनेक भिंती या वेगळ्या झालेल्या चुलींच्या मागे आलेल्या आहेत. गृहरचना बदलली आणि स्वयंपाकघर तरीही टिकले, असे आपण समजतो. अनेकदा स्वयंपाकघर बदलले म्हणून गृहरचना बदलली, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

'स्वयंपाक' हा शब्दही विचार करण्यासारखा आहे. स्वतः शिजवणे हा त्याचा मूळ अर्थ. त्यामागे कोणाच्या हातचे चालते व कोणाच्या हातचे चालत नाही, ही सोवळ्याची आणि जातीची विचारपद्धती उभी आहे. म्हणूनच स्वयंपाकघर घरात कोठे असावे, हा प्रश्न महाराष्ट्रात केवळ सोयीचा कधीच नव्हता.

२. माळवदाच्या घरातील स्वयंपाकघर

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे माळवदाचे घर. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर लाकडी फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचे सपाट छत अशी त्याची रचना असे. घराचा आकार खणांत सांगितला जाई. सधन कुटुंबाच्या घरात ढेळज, चौक, सोपा, माजघर आणि सर्वांत आत चूल असे. भिंतींना खिडक्या जवळजवळ नसत. धूर जाण्यासाठी माळवदात एक छिद्र ठेवलेले असे. त्याला साणे म्हणतात.

या स्वयंपाकघराची रचना 'अंधारी आणि धुरकट' या दोन विशेषणांत संपवणे योग्य होणार नाही. चुलीच्या वर आढ्याला पुढील पेरणीसाठी निवडलेली ज्वारीची कणसे टांगलेली असत. धुरामुळे त्यांना कीड लागत नसे. चुलीतील राख कडधान्यात मिसळली जाई आणि तीच भांडी घासायला चाले. बळदात वर्षाचे धान्य असे. जाते, उखळ, पाटा-वरवंटा यांची जागा ठरलेली होती. जळण म्हणून तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या शेतातून व गोठ्यातून येत. थोडक्यात, हे स्वयंपाकघर शेतीव्यवस्थेचा शेवटचा टप्पा आणि पुढल्या हंगामाचा पहिला टप्पा होते. बियाणे जपण्याचे काम बाईकडे होते आणि तिची ती जागा चुलीच्या वर होती.

परंतु त्याच धुराने बाईचे डोळे आणि छातीही पोखरली. बी टिकवणारा धूर माणसाला मात्र झिजवत होता. घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जुन्या स्वयंपाकघराचा गौरव करताना ही बाजू विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. ढेळजेपासून चुलीपर्यंत टप्प्याटप्प्याने आत जाणारी ही रचना जमीन असलेल्यांच्या घराची होती. गावकुसाबाहेरच्या एक-दोन खणांच्या घरात 'आतले' स्वयंपाकघर नव्हतेच. चूल त्याच खोलीत किंवा अंगणात होती. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथाने मराठवाड्यातील महार व मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करून ही उणीव ठळकपणे दाखवून दिली. त्या ग्रंथात येणारे चान्यांसारखे पदार्थ उन्हात वाळवून टिकवायचे असत. म्हणजे अंगण, दोरी आणि ऊन हेही त्या स्वयंपाकघराचे भाग होते. 'मराठी घरातील पारंपरिक स्वयंपाकघर' असे एकवचनी वर्णन जेथे जेथे येते, तेथे ते कोणाच्या घराचे, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

३. सुधारित चुलीचा अनुभव

स्वयंपाकघरातील धुराचा प्रश्न तंत्रज्ञांच्या लक्षात आला नव्हता असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' तयार झाली. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात व पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तेथे हैदराबाद इंजिनिअरिंग रिसर्च लॅबोरेटरीमध्ये डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची बंद चूल विकसित केली आणि १९५३ मध्ये निर्धूर स्वयंपाकघराविषयी पुस्तिकाही प्रसिद्ध केली. १९८० च्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला; तो २००२ पर्यंत चालला. पुण्याच्या 'आरती' (समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्था) या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली महाराष्ट्रात या क्षेत्रात मोलाचे काम केले.

एवढे होऊनही मातीची उघडी चूल गेली नाही. याची कारणे शोधताना धुराडे साफ न करणे, ते फुटणे, दुरुस्तीची सोय नसणे ही कारणे दिली जातात आणि ती खरीही आहेत. परंतु या भागापुरता एक मुद्दा भाकरीचा आहे. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकतात, वरून पाणी फिरवतात, उलटतात आणि मग चुलीच्या तोंडाशी इंगळावर उभी करून शेकतात. तेव्हा ती फुगते. या शेवटच्या क्रियेला चुलीचे तोंड रुंद आणि उघडे लागते. जळण वाचवण्यासाठी आणि धूर कोंडण्यासाठी तोंड जितके लहान करावे, तितकी भाकरी शेकण्याची जागा कमी होते. प्रयोगशाळेत पाणी उकळण्याच्या चाचणीवर उत्तम ठरणारी चूल भाकरीच्या चाचणीवर अपुरी पडू शकते. स्वयंपाकघरातील कोणतीही सुधारणा तेथील अन्नाला विचारून करावी लागते, हा या अनुभवाचा धडा होय.

४. ओट्याचा प्रवास

आजच्या स्वयंपाकघराची सर्वांत ठळक खूण म्हणजे ओटा. या शब्दाचा अर्थप्रवास गृहरचनेच्या इतिहासाइतकाच बोलका आहे. जुन्या मराठीत ओटा म्हणजे घरापुढील बसण्याची उंच जागा. संध्याकाळी पुरुष ओट्यावर बसत, वाटसरू तेथे टेकत, गावच्या गप्पा तेथे रंगत. आज शहरातील कोणत्याही घरात 'ओटा पुसला का?' असे विचारले, तर ते स्वयंपाकाच्या ओट्याविषयी असते. घराच्या दर्शनी भागातील बसण्याच्या जागेचे नाव घराच्या आतील उभे राहण्याच्या जागेला मिळाले. पुरुषांच्या विसाव्याचा शब्द बाईच्या कामाला चिकटला. विसावा मात्र सोबत गेला नाही.

उभ्याने करण्याच्या स्वयंपाकाची कल्पना युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रशुद्ध स्वरूपात मांडली गेली. ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर रचले. रेल्वेच्या भोजनयानातील स्वयंपाकघराचा आदर्श समोर ठेवून बाईची पावले आणि मिनिटे वाचवणे हा त्यामागील हेतू होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. आजचे 'मॉड्युलर किचन' हे त्याच विचाराचे वंशज आहे. मुंबईतील १९२० च्या दशकातील बी.डी.डी. चाळींच्या सुमारे १६० चौरस फुटांच्या एका खोलीत मात्र याच काळात कामगार कुटुंबे झोपणे, बसणे आणि रांधणे ही सर्व कामे एकत्र करीत होती.

फ्रँकफुर्टच्या आराखड्यात पावलांची मोजणी स्वयंपाकघराच्या दारापाशी सुरू होते. पाणी नळाला आहे, इंधन नळीतून येते, पीठ दुकानातून येते, हे तेथे गृहीत आहे. लिंबागणेश परिसरात पावले त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. पाणी हातपंपावरून, विहिरीवरून किंवा टंचाईच्या वर्षी टँकरवरून येते. जळण रानातून येते. बेसिनला नळ असला तरी नळाला रोज पाणी नसते. म्हणून ओट्याखालचा कप्पा प्लॅस्टिकच्या ड्रमांनी व्यापलेला असतो. ज्या ओट्याने दहा पावले वाचवली, त्याच्या बाहेरची हजार पावले कोणत्याही आराखड्यात दाखवलेली नसतात.

याचा अर्थ ओट्याने काहीच दिले नाही असा नव्हे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या बाईला उभ्याने काम करणे सोपे जाते. धूर नसलेला, उजेड असलेला ओटा अनेक स्त्रियांना मानाचा वाटतो आणि तो मान खरा आहे. याच काळात पिठाच्या गिरणीने जाते आणि मिक्सरने पाटा-वरवंटा घरातून हलवला. पहाटेचे दळण संपले ही लहान गोष्ट नव्हे. परंतु भाकरी थापणे हे काम खाली बसून, परातीवर वाकून, खांद्याच्या वजनाने करण्याचे आहे. ओट्याची उंची त्या कामाचा विचार करून ठरत नाही. गवंडी शहरात पाहिलेले माप गावात उतरवतो. म्हणून ज्या घरात चहा, भाजी आणि वरण ओट्यावर होते, त्याच घरात भाकरी मागच्या चुलीवर जाते. ही कामाची सुज्ञ वाटणी आहे. तिला मागासलेपण म्हणणे चुकीचे आहे.

५. शासनाचे घर आणि स्वयंपाकघर

खाजगी बांधकामात मालक आपल्या मर्जीने मागे पत्रे टाकू शकतो. ज्यांचे घर शासनाच्या मापाने उभे राहते, त्यांच्या बाबतीत आराखड्याची मर्यादा अधिक स्पष्ट दिसते.

मराठवाड्यात याचा सर्वांत मोठा अनुभव शेजारच्या लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. ज्या छताने उन्हाळ्यात गारवा दिला, तेच जीवघेणे ठरले. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट अशी घरांची मापे ठरली. भूकंपरोधक बांधकामाची ती निकड होती, यात शंका नाही. परंतु स्वयंपाकघराचा आकार शेवटी सातबाऱ्याने ठरला, ही गोष्ट नोंदवली पाहिजे. जेवणारी तोंडे किती, धान्य किती साठवायचे, जनावरे किती, यापेक्षा जमीन किती हा निकष प्रबळ ठरला. सरळ रस्त्यांच्या चौकटीत बसवलेल्या या घरांना लोकांनी पुढे जागोजागी वाढीव बांधकामे जोडली. आराखड्यात न मावलेल्या कामांनी आपली जागा मिळवली.

घरकुल योजनांचा अनुभव याहून फारसा वेगळा नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत निर्धूर चूल हा घराचा भाग मानला गेला आणि घर स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे देण्यावर भर होता. या दोन्ही तरतुदी स्वागतार्ह होत्या. १ एप्रिल २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेने घेतली. घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर झाले व त्यात स्वच्छ स्वयंपाकासाठी जागा अभिप्रेत आहे. सपाट प्रदेशासाठी साहाय्याची रक्कम १ लाख २० हजार रुपये ठरली. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. किल्लारीच्या पुनर्वसनातील सर्वांत लहान घर २५० चौरस फुटांचे होते. दोन दशकांहून अधिक काळात गरिबाच्या घराचे किमान माप एवढेच वाढले.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची जोडणी गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे आली. हा निश्चितच मोठा बदल होय. तथापि उज्ज्वला लाभार्थ्यांचा वार्षिक सरासरी वापर २०१९-२० मध्ये ३.०१ सिलिंडर आणि २०२३-२४ मध्ये ३.९५ सिलिंडर होता, असे शासनाची आकडेवारी सांगते. वर्षाला चार सिलिंडरांत पाच-सहा माणसांचा पूर्ण स्वयंपाक होत नाही. उरलेला स्वयंपाक कोठे होतो, याचे उत्तर मागच्या पत्र्याखाली आहे. शेताच्या बांधावर पऱ्हाट्या विनामूल्य असतात; सिलिंडरला रोख पैसा लागतो. दुसऱ्या चुलीचे अस्तित्व असे अर्थशास्त्राशीही जोडलेले आहे.

६. कोपी : भिंती नसलेले स्वयंपाकघर

बीड जिल्ह्यातील घरांविषयी लिहिताना एका घराचा विचार टाळता येत नाही. ते म्हणजे ऊसतोड कामगाराची कोपी. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातील लाखो स्त्री-पुरुष पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि मुकादमाकडून जोडीने उचल घेतली जाते. निघताना गाडीत धान्य, तवा, परात, हंडे आणि पांघरुणे असतात.

कोपी म्हणजे बांबू, चटई आणि ताडपत्री यांचा आडोसा. तिला खोल्या नाहीत, खिडकी नाही, न्हाणी नाही. पण पहिल्याच संध्याकाळी कोपीच्या तोंडाशी तीन दगडांची चूल मांडली जाते. गृहरचनेच्या सर्व शक्य वजाबाक्या केल्यानंतर घरात जे उरते, ते येथे उघड दिसते. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने ते घर म्हणण्यासही अपुरे असेल. जनगणनेच्या व्याख्येने मात्र ते पूर्ण कुटुंब आहे.

या कोपीतील बाई फडावर जाण्यापूर्वी पहाटेच्या अंधारात भाकरी करते, दिवसभर ऊस तोडून मोळ्या वाहते आणि परतल्यावर पुन्हा चूल पेटवते. जोडीला मिळणारी मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर ठरते. चुलीपुढील दोन वेळांचे श्रम त्यात कोठेही नसतात. तिकडे गावात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले राहिलेली असतात. त्यांची चूल वेगळी पेटते. कुटुंबात वाटणी झालेली नसते, भांडण झालेले नसते. तरी सहा महिने एका घराच्या दोन चुली होतात. पूर्वी चूल वेगळी होणे हे नाते तुटल्याचे लक्षण होते. येथे ते पोटासाठी केलेल्या स्थलांतराचे लक्षण आहे. आणि उचलीच्या पैशाचा काही भाग घालून बांधलेल्या घरातील नवा ओटा या काळात बहुधा कुलपाआड असतो.

७. टिकाऊपणाची किंमत

स्वयंपाकघर टिकले, असे आपण समाधानाने म्हणतो तेव्हा ते कोणी टिकवले, हा प्रश्न मागे राहतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दररोज सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय दिवसभरात अशा कामात भाग घेतलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के होते आणि पुरुषांचे २६.१ टक्के. माळवद गेले, स्लॅब आला. जाते गेले, गिरणी आली. शेणकूट गेले, सिलिंडर आला. या सर्व बदलांत एक गोष्ट बहुतांशी तशीच राहिली, ती म्हणजे चुलीसमोर कोण बसते किंवा ओट्यासमोर कोण उभे राहते.

शहरी लेखनात खुल्या स्वयंपाकघराचे कौतुक केले जाते, ते त्यामुळे गृहिणी घरातील गप्पांपासून तुटत नाही म्हणून. भिंत पाडल्याने तिला गप्पा ऐकू येतात हे खरे. परंतु हातातील काम वाटले जात नाही. उलट पूर्वी भिंतीआड असलेला पसारा आता सदैव पाहुण्यांच्या नजरेत असल्याने तो आवरण्याचे एक नवे काम वाढते. लिंबागणेशच्या पत्र्याखालच्या चुलीला तीन बाजूंनी भिंतच नसते. ते अनेक दशकांपासूनचे 'खुले स्वयंपाकघर' आहे आणि त्याने श्रमाची वाटणी बदललेली नाही. वास्तुरचना श्रम हलके करू शकते. त्यांची न्याय्य वाटणी तिच्या एकटीच्या आवाक्यात नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) स्वयंपाकघराचे टिकून राहणे हे एका खोलीचे टिकणे नसून पाणी, जळण, धान्य, अन्नप्रकार आणि श्रम यांना जोडणाऱ्या कामांच्या साखळीचे टिकणे आहे.

२) स्वयंपाकघर हे गृहरचनेतील बदलांना केवळ सामोरे जात नाही, तर ते घडवतेही. घराच्या वाटणीत आधी चूल आणि नंतर भिंत हा क्रम त्याचा पुरावा होय.

३) घरामागील दुसरी चूल हा आराखड्याच्या अपुरेपणावर वापरणाऱ्यांनी काढलेला तोडगा आहे. भाकरीची पद्धत, रोख पैशाची चणचण आणि पाण्याची टंचाई ही त्यामागील ठोस कारणे आहेत.

४) 'पारंपरिक मराठी स्वयंपाकघर' ही एकसंध कल्पना जात, जमीनधारणा व स्थलांतर यांचा विचार केला असता टिकत नाही.

५) घरकुलाच्या नमुना आराखड्यात मागील बाजूस छताखालची, धूर बाहेर जाईल अशी चुलीची जागा, जळण ठेवण्याचा कोरडा आडोसा आणि पाणी साठवण्याची व्यवस्था यांचा मूळ बांधकामात समावेश होणे आवश्यक आहे. बायका जे पत्र्याखाली उभे करीत आहेत, तेच अधिक सुरक्षितपणे करून देणे हा त्याचा अर्थ.

सारांश, नव्या घराची पाहणी करताना आपण ओट्यापाशी थांबतो. समीक्षकाने आणि नियोजनकाराने मागच्या दाराने आणखी दहा पावले बाहेर जाणे गरजेचे आहे. त्या पत्र्याखाली धूर पोटात घेत जी बाई भाकरी शेकत असते, तिला घर बांधण्यापूर्वी काय हवे, असे कोणी विचारलेले नसते. पुढील आराखड्याची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली, तर स्वयंपाकघराच्या टिकाऊपणाविषयी अभिमानाने बोलण्याचा अधिकार आपल्याला काही अंशी प्राप्त होईल.